लेआउटच्या मोकळ्या जागेत बगीचा: लोकांना विचारायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

संत्राबर्फी

नमस्कार मंडळी. नागपुरात मानेवाड्याकडच्या आमच्या लेआउटमध्ये मंजूर नकाशात दाखवलेली मोकळी जागा आहे, साधारण २२ हजार चौरस फूट. तिथे पोट्टे क्रिकेट खेळतात, एका कडेला कोणाच्या तरी बांधकामाची गिट्टी-रेती कायम पडलेली असते आणि पावसाळ्यात गुडघाभर तरोटा वाढतो. आता तिथे बगीचा होणार म्हणून हालचाल सुरू झाली आहे आणि रहिवाशांनी सूचना लेखी द्याव्यात असा निरोप आला आहे.

रविवारी मीटिंग घेतली. आलेले झाडून सगळे साठीपुढचे काका आणि सगळे प्लॉटधारक. बायका दोन, त्यातली एक चहाचं बघायला उठली ती परत बसलीच नाही. पाऊण तासात यादी तयार: वॉकिंग ट्रॅक, लॉन, ग्रीन जिम, कारंजं, हायमास्ट आणि गेटवर नावाची कमान. क्रिकेटवाल्यांना कोणी बोलावलंच नव्हतं. मला सचिव करून ठेवलंय, त्यामुळे ‘समस्त रहिवाशांची मागणी’ असं वर लिहून खाली सही मी करायची आहे. यादीतल्या एकाही गोष्टीशी माझं भांडण नाही, पण ‘समस्त’ लिहायला हात धजत नाही.

तुमच्या वस्तीत हे कोणी नीट केलंय का? म्हणजे खरंच लोकांना विचारून?

तर्री_मारके

कमानीवर कोणाचं नाव हे ठरलं की बाकीचं आपोआप ठरते राजेहो. पोहे घेऊन बसलो आहे, चालू द्या.

नकाशेवाला

सूचना नंतर. आधी जागा कोणाची ते बघा. मंजूर लेआउटची प्रत काढा, मोजणी करून चारही कोपरे पक्के करा आणि जागा नासुप्रकडे (नागपूर सुधार प्रन्यास) आहे की मनपाकडे हस्तांतरित झाली आहे याचा कागद हातात घ्या. ४,००० चौरस मीटरच्या वरच्या लेआउटला १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते, राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीतही ते आहे. पण आपल्या शहरात ५७२ आणि १९०० अनधिकृत लेआउटचं प्रकरण सगळ्यांना ठाऊक आहे. आधी प्लॉट विकले गेले, घरं झाली आणि २००१ च्या गुंठेवारी कायद्यानंतर नियमितीकरण सुरू झालं. अशा लेआउटमध्ये नकाशातली मोकळी जागा आणि जमिनीवरची मोकळी जागा एकच असेल याची खात्री देता येत नाही. बगीच्याचं चित्र रंगवून झाल्यावर कोणीतरी रजिस्ट्री घेऊन उभा राहतो, मग वर्षानुवर्षं तारखा.

संत्राबर्फी

@नकाशेवाला, मोजणी झाली आहे, कागदही आहे. गिट्टी ज्यांची आहे त्यांनाही ते माहीत आहे, म्हणूनच ते मीटिंगला आले नव्हते.

पहाटे_पाच

मी तुमच्या लेआउटचा नाही, पण त्या काकांच्या वयाचा आहे, म्हणून लिहितो. म्हातारे मीटिंगला आले हा गुन्हा झाला काय? ज्याला गरज असते तो येतो. रिंग रोडवर सकाळी चालून दाखवा. ट्रकवाले एकीकडे, कुत्रे एकीकडे. माझी अँजिओप्लास्टी झाली आहे, डॉक्टर म्हणतात रोज चाळीस मिनिटं चाला. कुठे चालू? तरुणांना मत असेल तर त्यांनी रविवारी अकरा वाजता उठून यावं. आम्ही कोणाला अडवलं नाही.

वन_आरके

काका, राग मानू नका, पण बोलावलं तर येऊ ना. मी भाड्याने राहते, स्पर्धा परीक्षेची तयारी करते. आमच्या गल्लीत निम्म्या घरांवर वरचा मजला भाड्याने आहे, एकेका खोलीत दोन-तीन मुली. मीटिंगचा निरोप जातो तो प्लॉटधारकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. त्यात आम्ही नाही, कामवाल्या ताई नाहीत, समोरच्या बांधकामावरचे चौकीदार आणि त्यांची लेकरं नाहीत. आणि त्या जागेच्या सगळ्यात जवळ राहतात ते चौकीदारच.

मला काय हवंय विचाराल तर ट्रॅकही नको आणि जिमही नको. संध्याकाळी सात ते नऊ कोणी ‘इथे काय करून राहिली’ असं न विचारता पुस्तक घेऊन बसता येईल अशी उजेडाची जागा हवी. आमच्याकडच्या बगीच्यात सगळे बेंच गेटजवळ आणि त्यावर कायम तेच सहा जण.

तर्री_मारके

त्या सहा जणांपैकी एक इथे आहे का? हात वर करा.

पहाटे_पाच

मी सकाळी बसतो. संध्याकाळचे वेगळे.

अर्धा_आर्किटेक्ट

वन_आरके यांच्या मुद्द्यावरून व्हिएन्नाचं उदाहरण आठवलं, कॉलेजात शिकलो होतो. तिथे १९९६-९७ मध्ये बगीच्यांची पाहणी झाली. नऊ-दहा वर्षांपर्यंत मुलं-मुली सारख्याच येत, त्यानंतर मुली एकदम कमी होत. जागा एकच मोठी मोकळी असली की मोठे मुलगे ती व्यापत आणि मुली भांडत न बसता यायचंच सोडत. मग १९९९ मध्ये मार्गारेटन भागातल्या दोन बगीच्यांची मांडणी बदलली: मोठ्या जागेचे लहान भाग, येण्याजाण्याच्या वाटा जास्त, उजेड जास्त, बसायच्या जागा वेगवेगळ्या. मुली परत यायला लागल्या.

यात सभा महत्त्वाची नव्हती, बघणं महत्त्वाचं होतं. कोण येतं हे मोजलंच, कोण येत नाही हेही मोजलं. तुमच्या जागेवरही सकाळी सहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री नऊ अशा चार वेळा वही घेऊन बसा. कामाचा एक दिवस आणि एक रविवार. कोण, किती जण, काय करतात, कुठून आत शिरतात. माणसं शॉर्टकट मारून जी पायवाट पाडतात ती कागदावर उतरवून घ्या. तिच्यावर झुडपांचं कुंपण घातलं तर महिन्याभरात त्याला भगदाड पडतं.

टेनिसबॉल

दुपारी दोनला एप्रिलमध्ये वही घेऊन बसणारा सापडला तर मले फोटो पाठवा.

बाकी मुलींचं बरोबर आहे, पण एक सांगतो. आमच्या इकडे मैदानाचा बगीचा झाला. कडेने गट्टू (सिमेंटचे पेव्हर ब्लॉक) लावले, मध्ये लॉन लावलं आणि पहिल्या दिवशी पाटी: ‘क्रिकेट खेळण्यास मनाई’. आता पोट्टे रस्त्यावर खेळून राहिले. काचा फुटल्या की तेच काका ओरडतात ज्यांनी पाटी लावा म्हटलं होतं. बगीचा पाहिजे, पण आमचं मैदान घेऊन काऊन?

फाटकवाडी

+१. वरून तान्हा पोळा कुठे भरवायचा हाही प्रश्न आहे. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शंभरेक लेकरं लाकडी बैल घेऊन येतात, तोरण लागते, बैल सजवल्याचे बक्षीस असते. बगीचा झाल्यापासून तो रस्त्यावर कनात टाकून करावा लागते. कोजागिरी, भुलाबाई, भीमजयंतीचं जेवण, सगळ्याले एक सपाट उघडा तुकडा लागते. नकाशा काढणारा साहेब बाहेरगावचा असला की त्याले हे दिसत नाही, आणि आपणही लिहून देत नाही, कारण आपल्याले वाटते हे तं सगळ्यांना माहीतच आहे.

गांडूळखत

आता पाण्याचं बोलू का? कारण यादीत लॉन आहे आणि लॉनला पाणी कोण घालणार हे कुठेच नाही.

हिशोब सोपा आहे. एक मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. आपल्याकडच्या मे महिन्यात लॉन हिरवं ठेवायचं तर दिवसाला सात-आठ मिलिमीटर तरी द्यावं लागतं. ५०० चौरस मीटर लॉन धरा, रोजचे साडेतीन-चार हजार लिटर झाले. म्हणजे दिवसाआड एक मोठा टँकर, तोही अशा दिवसांत जेव्हा वस्तीत नळाला धार नसते. बोअर आटली की लॉन जातं, मग तिथे धूळ, आणि लोक म्हणतात मेंटेनन्स नाही.

त्याऐवजी झाडं. तीन वर्षं सांभाळली की पुढे स्वतःचं बघतात. पण झाड निवडताना ‘फुलं सुंदर’ म्हणून निवडू नका, मे महिन्यात पानं कोणाला असतात ते बघा. बहावा माझाही लाडका, पण ऐन उन्हाळ्यात तो फुलतो तेव्हा पानं विरळ असतात. तो शोभेला दोन ठिकाणी लावा. सावलीसाठी कडुनिंब आणि करंज, दोघांची नवी पालवी एप्रिलच्या अखेरीस दाट होते. एखादी चिंच. २२ हजार फुटात वड किंवा पिंपळ एकच, तोही कुंपणाच्या भिंतीपासून लांब. २०१३ च्या मे महिन्यात आपल्या शहरात ४७.९ अंश झालं होतं. त्या उन्हात स्टीलच्या घसरगुंडीवर कोणाचं लेकरू बसवाल? आधी पश्चिमेला झाडं, मग त्यांच्या सावलीत खेळणी. सगळीकडे उलट होतं, कारण खेळण्यांचं उद्घाटन करता येतं.

फाटकवाडी

सप्तपर्णी?

गांडूळखत

नको. भराभर वाढते, ढोरं खात नाहीत, म्हणून सगळीकडे लावली. दिवाळीच्या सुमारास फुलली की रात्री खिडकी उघडवत नाही.

वन_आरके

मला तो वास आवडतो.

पहाटे_पाच

माझ्या सौभाग्यवतीला त्या वासाने डोकं धरतं. दोन वर्षं घरात हाच वाद चालू आहे, आता इथे नको.

तर्री_मारके

झाडावरून भांडण झालं की समजायचं धागा शंभरी गाठणार. खर्ऱ्याचं (तंबाखू-सुपारीचं) कोणी बोलेल का? कोणताही बेंच लावा, पंधरा दिवसांत पाठीमागची भिंत लाल होते. पन्न्या वेगळ्या.

नालीकाठ

खर्ऱ्यावर उपाय मी आजवर एकच चाललेला पाहिला. शेजारच्या वस्तीत एका आजीने भिंतीला लागून तुळशीच्या कुंड्या मांडल्या आणि रोज सकाळी स्वतः पाणी घालायला येऊ लागल्या. त्या गावाला गेल्या की भिंत पुन्हा लाल.

मला वेगळा मुद्दा मांडायचा आहे. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरणार नाहीत. अंबाझरी तलावाचं पाणी, नाग नदी आणि रस्त्यांवरून वाहणाऱ्या गाड्या. तुमचा भाग त्या पट्ट्यात नाही, पण सगळ्या वस्त्यांत चूक तीच होते. मोकळी जागा मिळाली की आधी शंभर ट्रक मुरूम टाकून ती रस्त्याच्या वर उचलतात. मग पावसाचं पाणी तिथून रस्त्यावर आणि रस्त्यावरून सखल घरांत. त्यापेक्षा मधला भाग रस्त्यापेक्षा फूटभर खाली ठेवा. दोन हजार चौरस मीटर जागेवर वर्षाला हजार मिलिमीटर पाऊस धरला तर वीस लाख लिटर पाणी आपल्याच डोक्यावर पडतं.

पहाटे_पाच

फूटभर खाली म्हणजे डबकं. डबक्यात डास. डेंगू झाल्यावर कोणाकडे जायचं? हे मला पटलं नाही.

नालीकाठ

काका, तुमची शंका रास्त आहे. काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही, त्यामुळे नुसता खळगा केला तर डबकंच होईल. शोषखड्डा करावा लागेल आणि जास्तीचं पाणी पावसाळी नालीत काढून द्यावं लागेल. एक-दोन दिवसांत पाणी निघून गेलं तर डासाची अळी मोठी होत नाही, तिला आठवडाभर साचलेलं पाणी लागतं. आणि सांडपाण्याची लाइन जवळून जात असेल तर तिचं चेंबर आधी तपासा. पावसात ते उलटं वाहिलं तर बगीचा विसरा. शोषखड्ड्याची खोली इंजिनियरने ठरवावी, मी नाही.

अर्धा_आर्किटेक्ट

काळ्या मातीवरून आठवलं, गट्टूचा ट्रॅक नको. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. दोन वर्षांत गट्टू वरखाली होतात आणि पहाटेच्या अंधारात नेमके ज्येष्ठच ठेचकाळतात. खोदून काळी माती काढून मुरमाचा नीट दाबलेला थर दिला तर नुसती मुरमाची वाट पायालाही बरी. गेटपासून एका बाजूच्या बेंचपर्यंत मात्र पक्की सपाट वाट ठेवा, व्हीलचेअरसाठी. उतार एकास बारापेक्षा जास्त नको.

आणि ट्रॅकचा हिशोब करून बघा. २२ हजार फूट म्हणजे चौकोनी धरलं तर ४५ मीटर बाय ४५. कुंपणापासून थोडं आत आलात तर एक फेरी १६० मीटरची. किलोमीटरला सहा फेऱ्या. चाळीस मिनिटं चालणारा माणूस तिथे वीसेक वेळा गोल फिरेल.

पहाटे_पाच

वीस वेळा? त्यापेक्षा छतावर चाललेलं काय वाईट!

ट्रॅक तरीही पाहिजे. छतावर गप्पा मारायला कोणी नसतं.

टेनिसबॉल

काका, हे भारी बोललात. पण ट्रॅक चारही बाजूंनी फिरला की मधली जागा आपोआप मेली ना जी. बॉल ट्रॅकवर जाणार, तुम्हाला लागणार, पाटी येणार. तुम्ही सकाळी पाच ते आठ, आम्ही साडेचारनंतर. वेळ वाटून घेतली तर?

नकाशेवाला

वेळेची वाटणी हाच खरा प्रश्न आहे, पण सूचनांच्या फॉर्ममध्ये तिला रकानाच नसतो. बरेच बगीचे सकाळी नऊला बंद होऊन संध्याकाळी उघडतात. दुपारी सावली कोणाला हवी असते? डिलिव्हरीवाल्यांना, घरकामाच्या दोन घरांमध्ये तासभर मोकळ्या असलेल्या बायकांना, बांधकामावरच्या लेकरांना. कुलूप लावलं की त्या सगळ्यांचं मत नाही असंच झालं. तेव्हा किल्ली कोणाकडे आणि किती वाजेपर्यंत, हे मागणीपत्रात पहिल्या पानावर लिहा.

फाटकवाडी

दुपारी उघडं ठेवलं की जोडपी येतात, मग लेडीज मंडळाची तक्रार, मग सीसीटीव्ही. मी फक्त काय होते ते सांगून राहिलो.

वन_आरके

जोडपी बसतात त्या बगीच्यात मला एकटीने बसायला कमी भीती वाटते. नुसते पुरुषांचे घोळके असतात तिथे जास्त. माझ्यापुरतं बोलते आहे.

फाटकवाडी

हे डोक्यात आलं नव्हतं.

तर्री_मारके

आणि कोपऱ्यात एक लहानसं देऊळ होणार, त्याचं काय? आधी पिंपळाला लाल दोरा, मग चौथरा, मग टिनाचं शेड.

नकाशेवाला

सर्वोच्च न्यायालयाचा २९ सप्टेंबर २००९ चा आदेश आहे: रस्ते, सार्वजनिक उद्यानं, सार्वजनिक जागा इथे कुठल्याच धर्माचं नवं अनधिकृत बांधकाम होऊ द्यायचं नाही. त्याआधारे आपल्या शहरातही कारवाया झाल्या आणि प्रत्येक वेळी वस्तीत कटुता आली. चौथरा होण्याआधी सगळ्यांसमोर एकदा बोलून घेतलं तर पुढचं टळतं. यावर इथे जास्त चर्चा नको, धागा बंद होईल.

कूलरची_टाकी

उशिरा आले. धागाकर्त्याने विचारलं होतं कोणाकडे नीट झालंय का. आमच्याकडे अर्धंमुर्धं नीट झालं, ते सांगते.

आम्ही मीटिंगच घेतली नाही. संध्याकाळी भाजीवाल्याची गाडी थांबते तिथे टेबल टाकलं. येणाऱ्याला ‘काय पाहिजे’ असं विचारलं नाही. तसं विचारलं की सगळे दुसऱ्या बगीच्यात पाहिलेलं सांगतात, म्हणून तर सगळीकडे तोच निळा-पिवळा जिम. आम्ही विचारलं, ‘कालच्या दिवसात घराबाहेर कुठे आणि किती वेळ थांबलात?’ आणि ‘इथे कोणत्या वेळी यावंसं वाटत नाही?’ कामवाल्या ताई, इस्त्रीवाले दादा, शाळेतून येणारी पोरं, सगळे बोलले. एक ताई म्हणाली, मी बाहेर थांबतच नाही, कारण लघवीला जागा नाही. आमच्या कोणाच्याच यादीत संडास नव्हता. तो पहिल्या तिनात आला.

दुसरं, पैसे. प्रत्येकाला दहा चिंचोके दिले, प्रत्येक गोष्टीसाठी एक वाटी ठेवली आणि वाट्यांसमोर किमती लिहिल्या. सार्वजनिक बांधकामच्या दरसूचीवरून एका निवृत्त इंजिनियर काकांनी त्या काढून दिल्या होत्या. कारंजं हवं तर सहा चिंचोके एकाच वाटीत, शिवाय वीजबिलाचा एक वेगळा. कारंज्याची वाटी संपेपर्यंत रिकामी होती. पुण्यात महापालिका २००६-०७ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांच्या सूचना मागवते, ब्राझीलच्या पोर्तो आलेग्रेत हे १९८९ पासून झालं, असं त्या काकांनीच सांगितलं. आमचे तर चिंचोकेच होते.

तिसरं सगळ्यात कामाचं. जो आराखडा ठरला तो कागदावर न दाखवता फक्की (चुन्याची पूड) टाकून जमिनीवर पूर्ण मापात आखला आणि आठवडाभर तसाच ठेवला. कागद बघून सगळे माना डोलावतात. जमिनीवर उभं राहिल्यावर कळलं की बेंच ठेवले तिथे संध्याकाळी सरळ डोळ्यात ऊन येतं आणि ट्रॅक स्टंपांच्या मधून जातो. ट्रॅक मग दोनच बाजूंनी, इंग्रजी ‘एल’सारखा केला. चालणारे जातात आणि परत येतात. पहिले चार दिवस कुरकूर झाली.

नीट झालं नाही ते पण सांगते. तीन वर्षांच्या देखभालीचा करार कोणाशी, हे आम्ही ठरवलं नाही. झाडं लागली, पहिल्या उन्हाळ्यात निम्मी गेली. नंतर प्रत्येक झाड एकेका घराला दिलं, तेव्हा उरलेली जगली.

पहाटे_पाच

‘एल’ चालेल. वळताना समोरून येणाऱ्याचं तोंड दिसतं, गोल फेरीत नुसती पाठ दिसते.

संत्राबर्फी

सगळ्यांचे आभार. सही थांबवली आहे, अध्यक्षांशी बोललो. ते म्हणाले, ‘टेबल टाका, पण कारंजं यादीतून काढायचं नाही.’ मी म्हटलं वाटी ठेवतो, चिंचोके पडले तर कारंजं. फक्की टाकायला क्रिकेटवाले पोट्टे तयार आहेत, त्यांना ते काम येतंही. दुपारच्या नोंदीसाठी चौकीदाराच्या मोठ्या मुलीने होकार दिला आहे. ती तिथेच असते, तिला ऊन चुकवायच्या जागा ठाऊक आहेत. तिला तासाचे पैसे देणार आहोत. किल्लीचं मात्र अडलंय, दुपारी उघडं ठेवायला निम्मे तयार नाहीत.

@गांडूळखत, आराखडा ठरायला जून उजाडेल असं दिसतं. झाडं यंदा लावायची की पुढच्या वर्षी?

गांडूळखत

यंदाच. पश्चिमेचं कुंपण तर कुठल्याही आराखड्यात पश्चिमेलाच राहणार, त्या रांगेसाठी थांबायची गरज नाही. मीटरभर लांब-रुंद-खोल खड्डे आत्ताच खणा आणि महिनाभर उन्हात तापू द्या. जूनच्या पावसानंतर त्या चिखलात फावडं चालत नाही. भरताना नुसती काळी माती परत लोटू नका, मुरूम आणि शेणखत मिसळा. रोपं सहा-सात फुटी घ्या, लहान घेतली तर बकऱ्या ठेवणार नाहीत. आणि खणण्याआधी पाण्याची लाइन कुठून जाते ते विचारून घ्या.